केस, भिंत की स्टँड? महागडी गिटार घरात ठेवायची कुठे

महागडी गिटार घेताना माणूस महिना-महिना घालवतो. वरचं लाकूड स्प्रूस की सीडर, नेक (गिटारचा लांब दांडा) हातात कशी बसते, सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) हाडाचं आहे का, सगळं बघून होतं. मग गिटार घरी येते आणि पहिल्याच रात्री सोफ्याला टेकून उभी राहते. मीही हेच केलंय, म्हणून हसण्याचा अधिकार मला नाही.

पर्याय तसे चारच आहेत: हार्ड केस (गिटारची कडक पेटी), भिंतीवरचा हँगर, जमिनीवरचा स्टँड आणि काचेचं कपाट. यातला सगळ्यात चांगला कुठला, असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. आधी दोन गोष्टी सांगाव्या लागतात, गिटार कशाची आहे आणि घरातली हवा कशी आहे.

अकूस्टिक गिटारचा सॉलिड टॉप म्हणजे जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची फळी. लाकूड ओलावा घेतं आणि सोडतं तेव्हा ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ काहीच बदलत नाही. या फळीच्या आतून पट्ट्या चिकटवलेल्या असतात, कडा बाजूंना घट्ट बसवलेल्या असतात. आकसायचं तर आहे पण जागा नाही, अशी तिची अवस्था होते आणि ती चिरते. लॅमिनेट म्हणजे प्लायच्या टॉपमध्ये थरांच्या रेषा एकमेकींना काटकोनात असतात, त्यामुळे एक थर दुसऱ्याला धरून ठेवतो. आवाजात ती गिटार मागे पडते, पण हवा सोसण्यात पुढे असते. सॉलिड बॉडी इलेक्ट्रिकचं तर आणखी सोपं. चार-साडेचार सेंटिमीटर जाडीचा ओंडका आणि वर फिनिशचा थर. तिथे काळजी फक्त नेकची आणि तारांची.

हवेचं म्हणाल तर ४५ ते ५५ टक्के आर्द्रता ही लाकडी वाद्यांची सुखाची पातळी. थोडं इकडे-तिकडे चालतं. खाली ३५ आणि वर ६५ ओलांडून आकडा आठवडेच्या आठवडे तिथेच राहिला, की सॉलिड गिटार बोलायला लागते. कोरड्या हवेत टॉप खाली बसतो, तारा फ्रेटांना (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना) टेकून झणझणतात, आणि नेकच्या कडेवरून तळवा खाली सरकवला की फ्रेटांची टोकं करवतीच्या दातांसारखी लागतात. धातू वाढत नाही, आजूबाजूचं लाकूड आत सरकलेलं असतं. दमट हवेत उलटं होतं. ब्रिजमागचा (टॉपवर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीमागचा) भाग पोटासारखा फुगतो, तारा उंच जातात, आवाज बसल्यासारखा येतो, ब्रिज सुटू लागतो. दोन्हींत मला कोरडेपणाची भीती जास्त वाटते. फुगलेला टॉप बऱ्याचदा हळूहळू जागेवर येतो, चिरलेला मात्र येत नाही.

म्हणून जागा ठरवण्याआधी एक डिजिटल हायग्रोमीटर घ्या आणि तो खरं बोलतो का ते तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतकंच भिजवा, मीटरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. आकडा ७५ च्या आसपास हवा. ७० दाखवला तर पुढे कायम पाच मिळवून वाचायचं. मग मीटर नेमका जिथे गिटार ठेवायची तिथेच आठवडाभर ठेवा. टेबलावर ठेवून खोलीचा आकडा काढण्यात अर्थ नाही, कारण बाहेरच्या भिंतीपाशी आणि आतल्या भिंतीपाशी तो वेगळा येतो.

केस विरुद्ध भिंत

खरा सामना या दोघांत आहे.

केसची जमेची बाजू म्हणजे आतली हवा थोडी आणि बंद. बाहेर दिवसभर आकडा वर-खाली झाला तरी आत तो सावकाश हलतो. पण केस हवाबंद नसते. ती हवामान थांबवत नाही, फक्त उशिरा आत येऊ देते. दमट खोलीत महिनाभर पडलेल्या केसच्या आत तोच दमटपणा असतो, वर मखमली अस्तर तो धरून ठेवतं. केस उघडल्यावर आलेला बुरशीचा वास एकदा घेतला की विसरता येत नाही.

त्यामुळे केससोबत दुहेरी काम करणारी पाकिटं हवीतच. बोव्हेडा कंपनीची ४९ टक्क्यांची पाकिटं गिटारवाले सर्रास वापरतात. आत क्षारांचं द्रावण असतं आणि बाहेरचं आवरण फक्त वाफ जाऊ-येऊ देतं. हवा कोरडी असेल तर पाकीट ओलावा सोडतं, दमट असेल तर शोषतं. एक हेडस्टॉकखाली (तारांच्या खुंट्या असलेल्या टोकाखाली), दोन कापडी खिशात घालून साउंडहोलमध्ये, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकात, लटकवायची. पाकीट वाळून कडक झालं की बदला. डब्यातून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांना मात्र कुठे थांबायचं ते कळत नाही. त्या शोषतच राहतात, लहान केसमध्ये हवा नको तितकी कोरडी करतात, आणि एकदा भरल्या की नुसत्या पडून राहतात. मीटर केसमध्ये ठेवून वापरल्या तर ठीक, अंदाजाने नको.

केसचा तोटा हवेशी संबंधित नाहीच. केस पलंगाखाली गेली की गिटारही पलंगाखाली जाते. पाच मिनिटं मोकळी मिळाली तर कोणी वाकून केस ओढून चार कड्या उघडत बसत नाही. नव्याने शिकणाऱ्याला मी सरळ सांगेन, दिसेल अशा जागी गिटार ठेव, नाहीतर सहा महिन्यांनी उत्तम अवस्थेतली, न वाजवलेली गिटार विकायला काढशील. आणखी एक सवय लावून घ्या: झाकण मिटलं की कड्याही लागल्याच पाहिजेत. नुसतं झाकण लोटलेली केस कोणीतरी दांडीला धरून उचलतं आणि गिटार जमिनीवर.

भिंतीवर गिटार डोळ्यांसमोर राहते आणि पायात येत नाही. ‘लटकवून नेक वाकेल’ ही भीती मात्र सोडून द्या. लाइट गेजच्या (कमी जाडीच्या) स्टीलच्या सहा तारा मिळून नेकवर सत्तरेक किलोंचा ताण चोवीस तास देत असतात. त्यापुढे लटकलेल्या अकूस्टिकचं दोनेक किलो वजन म्हणजे काहीच नाही.

काळजी करायची ती भिंतीची. ऊन-पाऊस झेलणारी बाहेरची भिंत नको, न्हाणीघराला लागून असलेली नको, एसीचा झोत किंवा हीटरची ऊब थेट पोचेल अशी नको, दुपारचं ऊन पडेल अशी तर अजिबात नको. ऊन फिनिश पिवळं करतं आणि लाकडाचा रंगही बदलतं, तेही हँगरची सावली पडते तेवढा भाग सोडून. विटा-काँक्रीटच्या भिंतीत नीट अँकर मारा. पोकळ पार्टिशन असेल तर आतल्या उभ्या पट्टीतच स्क्रू गेला पाहिजे. साडेचार किलोची इलेक्ट्रिक गिटार प्लास्टरच्या भरवशावर सोडू नका.

एक बारीक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. गिटारला नायट्रोसेल्युलोज लॅकरचं फिनिश असेल (जुन्या आणि वरच्या श्रेणीतल्या बऱ्याच गिटारींना असतं), तर हँगर-स्टँडवरचं रबर आणि काही प्रकारचा फोम त्याच्याशी रासायनिक कुस्ती खेळतो. फिनिश मऊ पडतं, चिकटतं, डाग कायमचा राहतो. पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर असेल तर सहसा चिंता नसते. कुठलं आहे ते माहीत नसेल तर हँगरच्या बोटांना जुन्या सुती बनियनची पट्टी गुंडाळा. दिसायला गबाळं, पण बिनखर्चाचा विमा.

माझा कौल असा: ऑल-सॉलिड (टॉप, पाठ, बाजू सगळंच एकसंध लाकडाचं) अकूस्टिक आणि घरातला आकडा वर्षभर हलणारा, तर केस. इलेक्ट्रिक किंवा लॅमिनेट अकूस्टिक, तर भिंत. सॉलिड अकूस्टिक आहे पण खोली स्वतःच ४५-५५ मध्ये राहते, तर भिंतीवर खुशाल लावा, केसचा हट्ट धरणारे धरोत.

स्टँडबद्दल मी निष्पक्ष नाही

स्टँड म्हणजे दोन गाण्यांच्या मधली जागा, मुक्कामाची नव्हे. हे मी किंमत मोजून शिकलो. व्हॅक्युम क्लीनरची वायर स्टँडच्या पायात अडकली, मी पलीकडच्या खोलीत होतो. आधी लाकडाचा आवाज आलाच नाही. सहाही मोकळ्या तारा एकदम वाजल्या, एखाद्याने कॉर्ड न धरता हात फिरवावा तशा, आणि मग टक्. नटच्या (नेक आणि हेडस्टॉक जिथे मिळतात तिथल्या, तारा टेकणाऱ्या पट्टीच्या) मागे केसाएवढी रेष होती. ती रेष तारांच्या ताणाने उघडत चाललेली बघणं हा वेगळाच अनुभव. तेव्हा सुचलेली एकमेव शहाणपणाची गोष्ट म्हणजे सगळ्या तारा लगेच सैल केल्या आणि फटीत घरगुती गोंद घातला नाही. कारागिराने ती व्यवस्थित जोडून दिली.

मागे झुकलेल्या हेडस्टॉकच्या गिटारींना हा धोका जास्त. गिब्सनच्या लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारचा हेडस्टॉक साधारण १७ अंशांनी मागे कललेला असतो, नेक महोगनीची असते आणि नेमकं तिथेच ट्रस रॉडसाठी (नेक सरळ ठेवणाऱ्या धातूच्या सळीसाठी) लाकूड कोरलेलं असतं. रेषा तिथे तिरक्या तुटतात. पाठीवर पडली की पहिला मार हेडस्टॉक खातो. फेंडर कंपनीच्या पद्धतीच्या सरळ हेडस्टॉकच्या मेपल नेक हे बऱ्यापैकी सोसतात. घरात लहान मूल, मांजर किंवा माझ्यासारखा धांदरट असेल तर स्टँडचा विचार सोडा. घ्यायचाच तर वरून मान पकडणारा, आपोआप मिटणाऱ्या बोटांचा घ्या. अर्ध्या उंचीचा ए-आकाराचा नको.

काचेच्या कपाटाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आत आर्द्रता राखणारी यंत्रणा असेल तर ते उत्तम, नसेल तर ते फक्त धूळ अडवतं आणि आतल्या दिव्यांची उष्णता साठवतं. तीन-चार गिटारी झाल्या की कपाटाऐवजी खोलीसाठीच एक डिह्युमिडिफायर किंवा ह्युमिडिफायर घेणं मला जास्त पटतं. मग सगळ्याच गिटारी भिंतीवर राहू शकतात.

तारा सैल करायच्या का, हा प्रश्न कायम येतो. आठवड्या-दोन आठवड्यांसाठी गावाला जात असाल तर नाही. काही महिने गिटारला हात लागणार नसेल तर एखाद-दुसरा टोन (एक टोन म्हणजे दोन फ्रेटांएवढा सूर) खाली उतरवून ठेवा. पूर्ण सैल करू नका, समोरून ओढणारं कोणी उरलं नाही की ट्रस रॉड नेकला उलट्या दिशेने वाकवतो.

कुठेही ठेवा, ठेवण्याआधी कोरड्या सुती फडक्याने तारा खालून-वरून आणि नेक मागून पुसा. घामाने तारा गंजतात आणि केसमध्ये गेला तर तोच ओलावा आत कोंडतो. फ्रेटबोर्डला तेल वर्षातून एक-दोनदा, तेही रोझवुड-एबनीसारख्या उघड्या लाकडालाच. फिनिश केलेल्या मेपलला नाही. सिलिकॉनचं पॉलिश कुठल्याच गिटारला लावू नका, उद्या दुरुस्तीची वेळ आली तर त्यावर नवं फिनिश धरत नाही.

आणि सेटअप (तारांची उंची वगैरेची जुळवणी) करून गिटार घरी आणाल त्या दिवशी बाराव्या फ्रेटवर सगळ्यात जाड तारेची उंची मोजून केसच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवा. माझ्या चिठ्ठीवर २.४ मिमी आहे. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पट्टी लावतो. उंची घटली असेल तर हवा कोरडी, वाढली असेल तर दमट. मीटरचा सेल संपलेला असला तरी हे समजतं.