३२ जीबी की ६४ जीबी? नव्या पीसीची रॅम

नुसतं गेमिंग असेल तर ३२ जीबी, विषय संपला. आजचे बहुतेक गेम त्यात आरामात चालतात, मागे क्रोम आणि डिस्कॉर्ड उघडं असलं तरी. ६४ घातली म्हणून एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढत नाही.

घोडं अडतं एडिटिंगपाशी. आफ्टर इफेक्ट्स (व्हिडिओ इफेक्ट्सचं सॉफ्टवेअर) २०२५ पर्यंत प्रीव्ह्यू चालवायला फ्रेम रॅममध्येच साठवायचं. ४के, ८ बिटची एक फ्रेम सुमारे ३३ एमबी. ३० एफपीएसला एका सेकंदाला जवळपास १ जीबी! विंडोज आणि बाकी पसारा वजा केला तर ३२ जीबीत वीसेक सेकंदांचा प्रीव्ह्यू मिळायचा, मग साठवलेल्या फ्रेम दाखवणारी हिरवी पट्टी पुढे सरकायचीच नाही. नव्या आवृत्त्या डिस्कचीही मदत घेतात. १०८०पीला हाच हिशेब चौथ्या हिश्शावर येतो, म्हणून रील्स नि साधं कटिंग करणाऱ्यांनी उगाच खर्च करू नये.

'आत्ता ३२ घेऊ, पुढे दोन काड्या (रॅमच्या पट्ट्या) वाढवू' हा बेत मात्र डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमवर फसतो. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरला चार काड्या लावल्या की रॅमचा अधिकृत वेग ३६०० एमटी/सेकंदावर येतो. ६००० ची रॅम घेऊन काय मिळवलं? ६४ लागणार हे माहीत असेल तर पहिल्याच दिवशी ३२ च्या दोन काड्या घ्या.

मी ४के करतो, म्हणून ६४ घेतली. आणि हो, बायॉसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग, चालू करायला विसरू नका. मी विसरलो होतो. महिनाभर ६००० ची रॅम ४८०० वर रखडत होती.