नॅनो झिंक + जिवाणूचं किट वापरलं, पालकावरचा रिव्ह्यू

आमची शेती मुळा-मुठेच्या काठाला, पुण्याच्या खालच्या अंगाला. नदीचं पाणी कसंय ते सांगायला नको, वरून पालेभाजी म्हणजे जमिनीतलं जे काय असेल ते पानात खेचणारं पीक. त्यामुळे दुकानदार म्हणाला "दादा, हेवी मेटलवर (कॅडमियम, शिसं असले विषारी धातू) औषध आलंय" तेव्हा घेतलंच. एका खोक्यात दोन बाटल्या, एक नॅनो झिंक ऑक्साइड आणि एक जिवाणूची. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको.

आधी चांगलं सांगतो. पालक जोरात आला, पानं रुंद, शिरांमधला पिवळेपणा गेला आणि दुसऱ्या तोड्याला फुटवा लवकर आला. पण आमच्या मातीत झिंक कमीच आहे हो, रिपोर्टमधे ०.६ पीपीएमच्या खाली, तिथे झिंक दिलं की पालक हिरवा होणारच! त्यावरून कॅडमियम कमी झालं म्हणणं म्हणजे काहीच्या काही.

तत्त्व मात्र खोटं नाहीये. झिंक आणि कॅडमियम मुळांत बऱ्याच अंशी एकाच दारातून शिरतात, झिंक भरपूर असलं की कॅडमियमला जागा कमी मिळते. बॅसिलस, स्यूडोमोनास असले जिवाणू मुळाभोवती चिकट थर करतात, त्यात थोडा धातू अडकतो आणि काही जिवाणू झाडातलं ताणाचं इथिलीन (ताण आला की झाडात तयार होणारा, मुळाची वाढ रोखणारा वायू) कमी करतात, म्हणून मूळ चालू राहतं. पण पत्रकात छापलंय "जिवाणू धातू खाऊन टाकतात". कुठे जाणार खाऊन? धातू हे मूलद्रव्य आहे, ते जमिनीतच राहतं, फार तर झाडाला मिळेनासं होतं.

सगळ्यात डोकं फिरलं ते लेबल वाचून. "दोन्ही एकाच टाकीत मिसळा." अरे, नॅनो झिंक ऑक्साइड जिवाणू मारायलाही वापरतात की! मी आधी जिवाणूची आळवणी केली, म्हणजे पाण्यात मिसळून मुळाशी ओतलं, न मग आठवड्याने झिंकची फवारणी. नॅनोच्या बाटलीत तळाला पांढरा गाळ घट्ट बसलेला, हलवून हलवून हात दुखला, तरी नोझल दोनदा तुंबलं. जिवाणूच्या बाटलीवर जिवाणूंची संख्याच नाही, द्रवरूप जिवाणू खतात मिलीला किमान १० कोटी पाहिजेत आणि ते छापावं लागतं. वर बाटल्या दुकानात उन्हात मांडलेल्या.

थोडे वाफे नुसत्या झिंक सल्फेटवर (साधं झिंकचं खत) ठेवले होते आणि थोडे अगदी कोरे, काहीच न देता. तिन्हीकडची पानं धुऊन खाजगी लॅबला दिली, कारण मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी तपासतात पण कॅडमियम, शिसं त्यात नाही. किटवाल्या वाफ्यात कॅडमियम कोऱ्यापेक्षा कमी आलं, ठीक. पण सल्फेटवाल्यातही जवळपास तेवढंच कमी! शिशात तर काहीच फरक नाही. एकाच प्लॉटचं आहे हे, तुमच्याकडे वेगळं येऊ शकतं, आमची काळी चुनखडीची जमीन मुळातच धातू बरंच धरून ठेवते, आम्लधर्मी लाल मातीत गणित वेगळं असणार. पालेभाजीला कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची) मर्यादा किलोमागे ०.२ मिलीग्रॅम कॅडमियम आहे, तो आकडा हातात ठेवून पानाचा रिपोर्ट बघा, रंग बघू नका.

किंमत सल्फेटच्या कित्येक पट, त्यात टेस्टिंग वेगळं. झिंक कमी असेल तर सल्फेट टाका, जिवाणू कृषी विज्ञान केंद्रातून तारीख बघून आणा, काम भागतं. पाच पैकी दोन स्टार, तेही पालकाच्या रंगासाठी. नदीला लागून असलेल्या पट्ट्यात तर मी आता गुलछडी लावलीय, ती कुणी खात नाही.

परवा दुकानदार परत विचारत होता किट देऊ का. म्हटलं नुसती जिवाणूची बाटली दे, ताजी असेल तर. म्हणतो सुटी नाही मिळणार, स्कीम जोडीचीच आहे.