भंगाराचा लोखंडी नाद की सॅम्पलर? इंडस्ट्रियल रॉकमधल्या दोन बँडचे पदार्पणाचे अल्बम

इंडस्ट्रियल रॉक म्हणजे कारखान्यासारखा गोंगाट आणि यंत्रांचे ठोके वापरणारं रॉक संगीत. पश्चिम बर्लिनच्या आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटन या बँडचा 'कोलाप्स' १९८१चा; नाइन इंच नेल्सचा 'प्रिटी हेट मशीन' १९८९चा.

नॉयबाउटनच्या उनरू या वादकाने ड्रमसेट विकला आणि भंगारातलं लोखंड वाजवायला घेतलं. पत्र्यावर घाव पडला की आधी टणत्कार, मग कर्कश थरथर. दुसरा घाव कधीच तंतोतंत तसा उमटत नाही, आणि 'कोलाप्स'चा जीव मला त्यातच सापडतो. चाल शोधत बसलात तर मात्र हाती फार लागत नाही.

नाइन इंच नेल्सचा ट्रेंट रेझनर अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या एका स्टुडिओत साफसफाईपासून पडेल ते काम करायचा. स्टुडिओ रिकामा असला की मालक त्याला रेकॉर्डिंग करू द्यायचा. मनासारखी साथ देणारे वादक मिळेनात, म्हणून जवळजवळ सगळं त्याने एकट्याने केलं, आणि ड्रम प्रोग्राम केले. सॅम्पलर म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज हवा तेव्हा वाजवणारं यंत्र; त्यातला ठोका दर वेळी अगदी तोच येतो. या यांत्रिक नेमकेपणापुढे गाणाऱ्याचा चिरकणारा आवाज जास्तच उघडा पडतो. पुढे फ्लड, जॉन फ्रायर यांच्यासारख्या निर्मात्यांचा हात लागला आणि कच्च्या डेमोंना धार आली.

नव्या बँडने कुठली वाट धरावी? एकटे असाल, जवळ गाणी असतील, तर रेझनरची. चार जण एका खोलीत जमणार असाल तर आधी लोखंड बडवून बघा, संगणक नंतर उघडा. मला स्वतःला 'कोलाप्स' जास्त हादरवतो, पण पुन्हा पुन्हा लावला जातो तो 'प्रिटी हेट मशीन'च.