एकच मागणी पुढे न्यायची तर कोणती? बोजा, बाँड, वेगळे खाते की २८ दिवसांचा निवाडा

छोट्या बांधकाम कंत्राटदारांची संघटना लोकप्रतिनिधीकडे जाते तेव्हा तिच्या निवेदनात सहसा आठ-दहा मागण्या असतात. कर, परवाने, कामगार, मालाचे भाव, थकलेली बिले. निवेदन स्वीकारले जाते, फोटो निघतो आणि पुढे काही हलत नाही. ज्यांना खरोखर कायदा करून घ्यायचा आहे त्यांनी एकच मागणी धरावी आणि ती पैसे वेळेवर मिळण्याची असावी. उपकंत्राटदार मजुरी आठवड्याला देतो, माल उधारीवर आणतो आणि त्याच्या बिलाला मात्र "वरून आले की देतो" हे उत्तर मिळते. हातात भरपूर काम असतानाही या धंद्यात माणसे बुडतात ती यामुळेच.

अडचण अशी की या एका मागणीचेही चार वेगळे कायदे होऊ शकतात. चारही मागणारी संघटना चौघा विरोधकांना एकदम अंगावर घेते. म्हणून ते शेजारी शेजारी ठेवून पाहू.

सर्वात जुना उपाय म्हणजे लियन. काम केले, पैसे नाहीत, तर त्या मालमत्तेवर बोजा चढवायचा. अमेरिकेत याचा पहिला कायदा मेरीलँडने १७९१ मध्ये केला. वॉशिंग्टन ही नवी राजधानी उभी राहत होती आणि गवंडी-सुतारांनी तिथे विश्वासाने कामाला यावे असा त्यामागे विचार होता. बोजा असलेली मालमत्ता विकणे किंवा तारण ठेवणे अवघड होते, म्हणून मालक वाटाघाटीला बसतो. पण मुदती कडक असतात. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात बोजा नोंदवायला ६० दिवस मिळतात, ते चुकले की हक्क गेला. बोजा नोंदवून थेट पैसे हाती येत नाहीत, त्यासाठी पुढे न्यायालय आहेच. आणि सरकारी इमारतीवर बोजा चढवून ती विकायला काढता येत नाही. तुमचे सदस्य रस्ते, शाळा, पाणीयोजना अशी कामे करत असतील तर लियन मागण्यात शक्ती घालवू नका.

नेमक्या याच कारणाने अमेरिकेत १९३५ चा मिलर कायदा आला. केंद्र सरकारच्या मोठ्या कामात मुख्य कंत्राटदाराने पेमेंट बाँड द्यायचा; त्याने खालच्यांचे पैसे थकवले तर हमी देणारी कंपनी ते देते. मुख्य कंत्राटदार बुडाला तरी पैसे मिळण्याची शक्यता उरते, हे याचे मोठे बळ. मात्र संरक्षण दोन पायऱ्यांपर्यंतच आहे. उपकंत्राटदाराच्या खालचा माणूस दावा करू शकतो, पण त्याने शेवटच्या कामानंतर ९० दिवसांत मुख्य कंत्राटदाराला नोटीस द्यावी लागते. त्याच्याही खालचा बाहेर राहतो. बाँडचा खर्च शेवटी निविदेच्या दरात येतो, त्यामुळे अर्थखाते पहिला आक्षेप इथेच घेईल.

तिसरा उपाय रिटेन्शनपुरता आहे. प्रत्येक बिलातून ठराविक टक्के कापून ठेवायचे आणि दोषदायित्वाचा काळ, म्हणजे कामातले दोष दुरुस्त करून देण्याची मुदत, संपल्यावर परत करायचे, ही रीत सगळीकडे आहे. कापलेले पैसे वरचा कंत्राटदार स्वतःच्या चालू खर्चात वापरतो हेही सगळ्यांना माहीत असते. न्यूझीलंडमध्ये २०१३ साली मेनझील ही मोठी कंपनी कोसळली आणि उपकंत्राटदारांचे रिटेन्शन तिच्याबरोबर गेले. २०१७ पासून तिथे हे पैसे विश्वस्त म्हणून सांभाळणे बंधनकारक झाले, पण पहिल्या कायद्यात ते स्वतंत्र खात्यात ठेवण्याची सक्ती नव्हती. २०१८ मध्ये एबर्ट कंपनी बुडाली तेव्हा बाजूला काढलेली रक्कम सगळ्यांना पुरली नाही. ही फट २०२३ च्या सुधारणेने बुजवली. एका शब्दाची ढिलाई अशी वर्षानुवर्षे भोगावी लागते, म्हणून मसुदा संघटनेच्या वकिलाने ओळ न् ओळ वाचलाच पाहिजे.

या चौघांबाहेर उशिराच्या पैशांवर व्याज हाही एक मार्ग आहे. भारताच्या २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आणि बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आहे. ऐकायला जबर वाटते. पण व्याज मागायचे म्हणजे ज्याच्याकडून पुढचे काम हवे त्याच्याशीच भांडायचे, आणि बांधकामाची एकत्रित कंत्राटे त्या कायद्यात बसतात का यावरही न्यायालयांत वाद झाले आहेत. केवळ व्याजावर समाधान मानू नये.

उरला जलद निवाडा, आणि माझा कौल त्यालाच आहे. ब्रिटनमध्ये बांधकाम उद्योगावरच्या १९९४ च्या लॅथम अहवालानंतर १९९६ चा कायदा झाला. वाद सुपूर्द झाल्यापासून २८ दिवसांत तटस्थ माणूस निर्णय देतो आणि तो लगेच पाळावा लागतो. नाराज पक्षाला नंतर न्यायालयात किंवा लवादात जाता येते, पण आधी पैसे, मग भांडण. "वरून आले की देतो" हे कलमही त्याच कायद्याने निरुपयोगी ठरवले. अपवाद फक्त वरचा देणेकरी दिवाळखोर झाल्याचा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने १९९९ मध्ये, सिंगापूरने २००४ मध्ये आणि मलेशियाने २०१२ मध्ये आपापल्या पद्धतीने हीच वाट धरली.

उणिवा यालाही आहेत. गुंतागुंतीच्या हिशेबाला २८ दिवस थोडे पडतात. समोरचा बुडालाच तर निर्णयाचा कागद हातात राहतो. तिथे बाँड आणि वेगळे खाते सरस ठरतात. तरीही रोजच्या दुखण्यावर, म्हणजे पैसे असूनही अडवून धरण्यावर, दुसरा कोणताही उपाय इतका लवकर लागू पडत नाही. शिवाय सरकारच्या तिजोरीवर याचा फारसा भार नाही, त्यामुळे पाठपुरावा करताना ही मागणी हलकी जाते.

आता कोणाबरोबर जायचे, हा प्रश्न. संपूर्ण उद्योगाच्या महासंघाचा आवाज मोठा असतो, पण त्यात पैसे देणारे आणि घेणारे एकाच टेबलावर बसतात. तिथून थकबाकीची मागणी बाहेर पडेपर्यंत तिचे दात काढलेले असतात. उपकंत्राटदारांनी या एका विषयापुरती तरी स्वतंत्र आघाडी करावी, मालपुरवठादार आणि कामगार संघटनांना सोबत घ्यावे. मजुरी थकते ती याच साखळीत, त्यामुळे त्यांचे हित खरोखर जुळते.

मार्गही निवडावा लागतो. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्र्याऐवजी साध्या सदस्याने आणलेले, लवकर मांडता येते, टिकणे कठीण. ब्रिटनमध्ये रिटेन्शनच्या संरक्षणाचे असे विधेयक जानेवारी २०१८ मध्ये मांडले गेले. काही दिवसांतच कॅरिलियन ही महाकाय कंपनी कोसळली, मुद्दा घराघरांत पोहोचला, तरी ते विधेयक कायदा झाले नाही. ऑन्टारिओतही २०१३ चे अशासकीय विधेयक अडकले. मग सरकारने तज्ज्ञांकरवी आढावा घेतला, सगळ्या बाजू ऐकल्या गेल्या, आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून नवी व्यवस्था लागू झाली: मालकाने बिल मिळाल्यापासून २८ दिवसांत द्यायचे, कंत्राटदाराने पैसे मिळाल्यावर ७ दिवसांत खाली पोहोचवायचे, वाद असेल तर जलद निवाडा. आढाव्याची मागणी मवाळ वाटते, पण विरोधकांना तिथे आपले आक्षेप कारणांसह मांडावे लागतात, म्हणून मी तीच वाट सुचवीन.

मसुदा हातात आला की आधी एक कलम शोधा: दिवस मोजायला सुरुवात कधी होते? बिल मंजूर झाल्यापासून असेल तर मंजुरीच रोखून धरली जाईल. ऑन्टारिओने योग्य बिल देण्याला मालकाच्या पूर्वसंमतीची अट घालता येणार नाही असे कायद्यातच लिहिले आहे. बाकी कुठेही तडजोड करा, बिल पोहोचल्याच्या दिवसापासूनची ही मोजणी सोडू नका.