छोटा मिग वेल्डर आणि १९३१ची फोर्ड : नऊ महिन्यांचा अनुभव

घाई असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो. अमेरिकेतल्या घरगुती १२० व्होल्टवर चालणारा, १४० अँपिअरचा हा छोटा मिग वेल्डर (याच्या गनमधून तार आपोआप पुढे येते आणि वितळून सांधा जोडते) हॉट रॉडच्या, म्हणजे जुनी गाडी सोलून, दमदार इंजिन बसवून केलेल्या गाडीच्या, बॉडीचा पत्रा जोडायला झकास आहे. चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, मात्र त्यानं हात लावू नये. एकाच यंत्रात दोन्ही उरकायचं असेल तर हे घेऊ नका, पैसे साठवून २४० व्होल्टचं घ्या. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण या वर्गातली चार-पाच यंत्रं सारख्याच गुणांची आणि सारख्याच खोडीची आहेत.

गाडी आहे १९३१ची फोर्ड मॉडेल ए कूपे (दोन दारांची बंद गाडी), तीही नुसती बॉडी आणि चासी. मिशिगनमध्ये राहून हा रोग न लागणं कठीणच. दर ऑगस्टला वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, ती १९९५पासून. डेट्रॉइटचं ऑटोरामा प्रदर्शन तर १९५३पासूनचं. यंदा तिथे वरच्या मजल्यावरच्या आरशासारख्या गाड्या सोडून मी तळघरातच रमलो. तिथे पारंपरिक, राकट हॉट रॉड असतात आणि सांधे उघडे दिसतात. चाळीसच्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरं असल्या जुन्या फोर्डचे मडगार्ड काढून, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बसवून एल मिराजच्या सुकलेल्या तळ्यावर पळवायची, तीही घरच्या हत्यारांवर. मग आपल्याला का जमू नये, असं वाटलं आणि मार्चमध्ये यंत्र घरी आलं.

पहिला महिना वाया गेला आणि दोष माझा. यंत्राबरोबर फ्लक्स कोअर तार येते, तिच्या पोटातच रसायन भरलेलं असतं, म्हणून वेल्डला हवेपासून वाचवणारा वेगळा गॅस लागत नाही. कुंपणाला ठीक आहे, पण गाडीच्या पत्र्यावर ती फार गरम चालते आणि ठिणग्यांचे दाणे सगळीकडे चिकटवते. म्हणून ०.०२३ इंची भरीव तार घेतली, ७५ टक्के अरगॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणला आणि बसलो. तरी फटफट, फटफट. तार बदलली, गॅस वाढवला, यंत्राला शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी झाकणाच्या आतला तक्ता वाचला. फ्लक्स कोअरला गन निगेटिव्हला लागते, गॅसच्या तारेला पॉझिटिव्हला. दोन नट सोडवून वायरींची अदलाबदल करायची होती. केल्यावर आवाज लगेच बदलला, तव्यावर धिरडं टाकल्यासारखा एकसारखा चर्र. हा आवाज कानात बसला की सेटिंगचा तक्ता फारसा लागत नाही.

आता खरं काम. कूपेच्या मागच्या पॅनलची खालची कड दोन्ही बाजूंनी गंजून जाळी झाली होती. तयार तुकडे मिळतात, १८ गेजचे, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटरचे. पहिला तुकडा बसवला आणि उत्साहात दोन-दोन इंच सलग ओढत गेलो. दिसायला सुरेख. गार झाल्यावर पाहतो तर सगळं पॅनल तळलेल्या पापडासारखं. दाबलं की टक्कन आत, सोडलं की टक्कन बाहेर. वेल्ड गार होताना आकसतो आणि आजूबाजूचा पत्रा ओढून घेतो, हे मेकॅनिकलच्या पुस्तकात वाचून पास झालो होतो.

कोल्हापूरला उद्यमनगरात थोरल्या काकांनी तीस वर्षं गाड्यांचं डेंटिंग केलंय, तेही गॅस वेल्डिंगवर. व्हिडिओ कॉलवर पॅनल दाखवलं. काका थोडा वेळ काही बोलेनात. मग म्हणाले, "पत्र्याला दम खाऊ दे की लेका. एक टाका घाल, हात लाव. हात ठेववंना झाला तर तवर च्या पिऊन ये."

तेव्हापासून पद्धत बदलली. तुकडा आणि बॉडी यांच्यात तारेच्या जाडीएवढी फट ठेवायची, एकावर एक चढवायचं नाही. चढवलं की मध्ये पाणी साचतं आणि पाच वर्षांत तिथूनच पुन्हा गंज. आधी दोन टोकांना टाका, मग मधोमध, मग त्या दोघांच्या मधोमध. ट्रिगर दाबायचा तो मनात ‘एक’ म्हणेपर्यंतच. टाका तुरीच्या डाळीएवढा व्हावा. भोक पडलंच तर मागून तांब्याचा तुकडा दाबून धरायचा. पोलाद तांब्याला चिकटत नाही आणि तांबं उष्णताही ओढून घेतं. मी जुना पाइप ठोकून चपटा केलाय. चौदा इंचांची दुसरी बाजू अशी जोडायला दोन शनिवार गेले. बायको म्हणाली, गाडी शिवतोयस की वाकळ? पण पॅनल सरळ राहिलं.

पापड झालेली बाजूही सुधारली, पण घाम काढला तिनं. वेल्ड आधी ४० नंबरच्या फ्लॅप चकतीनं (ग्राइंडरला लावायची, पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) घासून जवळजवळ सपाट केला. एका जागी रेंगाळलं तर ग्राइंडरच्या उष्णतेनंही पत्रा वाकतो, म्हणून तिथेही दम. मग मागे डॉली, म्हणजे हातात मावणारी छोटी ऐरणच, आणि पुढून नेमका वेल्डवर हातोडीचा ठोका. दोन्हींच्या मध्ये धातू चेपून पसरतो, आकसलेलं परत मिळतं. मिगचा वेल्ड कडक होतो, त्यामुळे ठोके जास्त लागतात. टिग वेल्डिंगवाल्यांचं (त्यात तार हातानं भरतात) हे काम हलकं, पण ते यंत्र आणि तो हात दोन्ही महाग. उरलेली लाट पुट्टीखाली गेली. दोन मिलिमीटरहून कमी आहे, त्यामुळे झोप लागते.

चासीबद्दल. मॉडेल एची चासी उघड्या सी आकाराची. मूळ चार सिलिंडरी इंजिन ४० अश्वशक्तीचं, त्याला ती पुरायची. व्ही-८ बसवायचं तर आतून पट्टी जोडून तिची पेटी करावी लागते. माझी पट्टी ३/१६ इंच जाडीची. यंत्राच्या खोक्यावर एवढी जाडी चालते असं छापलंय, म्हणून आधी तेवढेच दोन तुकडे जोडून पाहिले. वरून वेल्ड देखणा. शिकंज्यात धरून हातोडा घातला, तर अख्खी रेघ पेन्सिलीसारखी सुटून आली आणि खाली पट्टीची मूळ कड जशीच्या तशी. वितळलीच नव्हती, वेल्ड नुसता वर बसला होता. त्याच आठवड्यात चासी ट्रेलरवर घालून मोठ्या यंत्रवाल्या वेल्डरकडे नेली. ब्रेक मारल्यावर सगळा भार ज्या सांध्यावर येतो, तो छापील आकड्यावर सोडायचा नसतो.

खोडी सांगायच्या तर अर्थिंगचा चिमटा अगदीच पत्र्याचा, पहिल्याच महिन्यात पितळी घेतला. तार ढकलणाऱ्या चाकाचा दाब सारखा सैल होतो. टाके घालताना यंत्र कधी तापून बंद पडलं नाही, आपणच जास्त वेळ थांबलेले असतो. वीज मात्र २० अँपिअरची आणि स्वतंत्र हवी. माझ्या गराजमधला फ्रीझर त्याच सर्किटवर होता. ब्रेकर पडला आणि कळलं दुसऱ्या दिवशी. सासूबाईंनी घरी परत जाण्यापूर्वी करून ठेवलेल्या चाळीस पुरणपोळ्यांचा हिशोब अजून मिटलेला नाही. सिलिंडरची कळ रात्री बंद करायला विसरल्यानं एकदा ४० घनफूट गॅसही हवेत गेला.

जिवाच्या गोष्टी यात विनोद नाही. मॉडेल एची पेट्रोलची टाकी काचेच्या पुढे, डॅशबोर्डच्या वरच असते, तिथून पेट्रोल स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. माझी कित्येक वर्षं कोरडी होती, तरी झाकण उघडल्यावर वास आला. बोल्ट काढून ती गराजच्या बाहेर नेली, मगच त्या बाजूला ठिणगी पाडली. दुसरं, क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरनं पत्रा पुसून त्यावर वेल्डिंग कधीही करू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू होतो. मी अ‍ॅसिटोन वापरतो, आणि पूर्ण उडून जाईपर्यंत डबा बाहेर. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आधी घासून काढा. जुन्या सांध्यांत शिसं भरलेलं असतं, ते ग्राइंडरनं उडवू नका.

छोटे गंजके ब्रॅकेट मी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून साफ केले. स्वस्त आणि मस्त. दुसऱ्या टोकाला साधं लोखंड लावा, स्टेनलेस नको, त्यातून घातक क्रोमियम पाण्यात उतरतं. टब उघड्यावर ठेवा, हायड्रोजन निघतो.

यंत्र, सिलिंडर, हेल्मेट आणि चकत्या धरून साधारण हजार डॉलर गेले. फक्त बॉडीसाठी पुन्हा घेईन का? हो, हेच. डाव्या दाराची खालची कड अजून बाकी आहे, तुकडा कापून भिंतीला टांगलाय. पण गराजमध्ये सध्या पारा शून्याच्या खाली आहे आणि घासलेल्या पत्र्यावर रातोरात तांबूस गंज धरतो. ती आता मार्चमध्ये.