हवेत इंधन भरायला शिकताना : आठ महिन्यांनंतर

पहिल्या आठवड्यात मी कॉम्प्युटरवरच्या विमान-सिम्युलेटरमध्ये टँकरला, म्हणजे इंधन देणाऱ्या विमानाला, दोनदा धडकलो, एकदा त्याच्या पंखाखालून सरळ पलीकडे निघून गेलो आणि उरलेला सगळा वेळ त्याच्या नळीच्या टोकाच्या टोपलीच्या, म्हणजे बास्केटच्या, आजूबाजूची हवा भोसकत बसलो. आज पाचातल्या चार वेळा तरी पहिल्याच प्रयत्नात प्रोब, म्हणजे माझ्या विमानाची इंधन घेणारी नळी, बास्केटमध्ये बसतो. मधल्या आठ महिन्यांत काय बदललं ते लिहून ठेवतोय, कारण शिकायला बसलो तेव्हा मिळालेले सल्ले बहुतेक 'हे बटण दाबा, हा वेग ठेवा' छापाचे होते. बटणं एका संध्याकाळी पाठ होतात. गाडी अडते ती भलतीकडेच.

माझा संच साधा आहे: डीसीएस वर्ल्ड हा सिम्युलेटर, त्यातलं एफ/ए-१८सी हॉर्नेट हे लढाऊ विमान, एक मॉनिटर आणि हेड ट्रॅकिंग (डोकं वळवलं की दृश्य वळतं). व्हीआरचा चष्मा नाही. व्हीआरमध्ये अंतराचा अंदाज आपसूक येतो म्हणतात, येत असेलही. सपाट पडद्यावर मात्र टँकर जवळ येतोय की नुसताच मोठा दिसतोय, हे कळायलाच मला महिना गेला.

आता मुख्य मुद्दा. बास्केटकडे बघायचं नाही. हे वाक्य मी दहा ठिकाणी वाचलं होतं आणि दहाही वेळा मनात हसलो होतो. सुईत दोरा ओवताना सुईकडे बघू नका म्हटल्यासारखं वाटायचं. पण होतं असं की बास्केट वर दिसली म्हणून तुम्ही स्टिक (विमान वळवायची दांडी) ओढता, विमान क्षणभर उशिरा उठतं, तोवर तुम्ही आणखी ओढलेलं असतं. मग ते बास्केटच्या वर जातं, तुम्ही घाबरून पुढे ढकलता, आणि झोका सुरू होतो. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. बास्केट जागच्या जागी असते, नाचत असतो तो आपण.

मी शेवटी नजर टँकरवरच धरली. केसी-१३० टँकरच्या पंखाखालचा नळीचा पॉड हडच्या (वेगासारखे आकडे दाखवणाऱ्या समोरच्या) काचेच्या कडेला कुठे दिसतो, त्याचं धड माझ्या कॅनॉपीच्या, म्हणजे कॉकपिटच्या काचेच्या छताच्या, चौकटीपासून किती लांब आहे, ही चित्रं मनात पक्की केली. हॉर्नेटचा प्रोब नाकाच्या उजवीकडे उघडतो, त्यामुळे बास्केट तशीही नजरेच्या कोपऱ्यात राहते. तिला तिथेच राहू द्यायचं. टँकरच्या तुलनेत दोन-तीन नॉट जास्त वेग, बस. खटका बसला की रेडिओवर इंधन येत असल्याचं सांगतात, आणि नेमकं तेव्हाच मी आनंदाने थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे घ्यायचो आणि प्रोब सुटायचा. हे किती वेळा झालं ते मोजलं नाही, मोजवलं नाही.

थ्रॉटलबद्दल थोडं सविस्तर, कारण खरी लढाई तिथेच आहे. जेट इंजिनाला तुमचं म्हणणं ऐकायला वेळ लागतो. थ्रॉटल ढकलला की आधी काहीच होत नाही आणि मग एकदम होतं. म्हणून ढकलायचा, आणि परिणाम दिसायच्या आत त्यातला अर्ध्याहून जास्त परत घ्यायचा. पुढे-मागे, पुढे-मागे, सतत, पण केसभर. शिवाय भरताना विमान जड होत जातं. हॉर्नेटच्या आतल्या टाक्यांत सुमारे १०,८०० पौंड मावतात. तीन हजारांवर येऊन पूर्ण भरायचं म्हटलं तर साडेतीन टनांच्या आसपास वजन वाढतं. मग आधी जिथे स्थिर होतात तिथेच तुम्ही हळूहळू मागे पडू लागता आणि आपलं काय चुकलं हे कळत नाही. काही चुकलेलं नसतं, पोट भरत असतं.

माझा जुना थ्रॉटल नेमका याच पट्ट्यात थरथरायचा. दांड्याची जागा मोजणारा आतला पोटेन्शियोमीटर झिजलेला, हात स्थिर असला तरी आकडा उड्या मारायचा. तीन आठवडे मी स्वतःला दोष देत होतो! शेवटी अ‍ॅक्सिसचा, म्हणजे थ्रॉटलकडून येणाऱ्या आकड्याचा, आलेख उघडून बघितला तेव्हा करवतीचे दात दिसले. कुणीही दहा तास सराव करण्याआधी तो आलेख पाच मिनिटं बघावा. स्टिकला मी थोडा कर्व्ह (मध्याजवळची हालचाल मंद करणारी सेटिंग) दिलाय. थ्रॉटलला काहीच नाही.

दुसरी फजिती पूर्ण माझीच. सरावाचं मिशन स्वतः बनवलं आणि सिम्युलेटरच्या मिशन-एडिटरमध्ये टँकरला वीस हजार फुटांवर ३०० नॉट दिले. तो आकडा जमिनीच्या सापेक्ष होता. त्या उंचीवरच्या विरळ हवेत तो माझ्या हडवर जेमतेम २२० दिसायचा. विमान नाक वर करून लोंबकळत होतं आणि मला वाटत होतं की माझ्यातच काही खोट आहे. टँकरला ४०० दिल्यावर हडवर तीनशेच्या आसपास आले आणि त्याच संध्याकाळी पहिल्यांदा टाकी पूर्ण भरली.

मध्यंतरी बदल म्हणून एफ-१६ घेतलं. तिथे कारभार उलटा. इंधनाचं तोंड पायलटच्या पाठीमागे, ते दिसतच नाही. टँकरमधला बूम ऑपरेटर बूम, म्हणजे टँकरची ताठ नळी, आणून जोडतो, आपण फक्त जागा धरायची. केसी-१३५ टँकरच्या पोटावर दिव्यांच्या दोन ओळी असतात: डावी वर-खाली सांगते, उजवी पुढे-मागे. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. दिव्यांकडे टक लावलं की पुन्हा तोच झोका. एक बरं, बूममधून इंधन बास्केटपेक्षा बरंच वेगाने येतं, त्यामुळे छळ लवकर संपतो.

कंटाळा आला की मला २७ जून १९२३ आठवतो, हवेत नळीने पहिल्यांदा इंधन भरलं तो दिवस. दोन डीएच-४बी विमानं एकमेकांच्या वर-खाली, वरच्यातून नळी सोडलेली आणि खालच्यातल्या मागच्या माणसाने ती हाताने पकडलेली. त्यांना 'पुन्हा सुरू करा' हे बटण नव्हतं.

सरावाचं गणित माझ्यापुरतं असं ठरलं: रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. अर्ध्या तासानंतर स्टिकवरची पकड इतकी घट्ट होते की बोटांची पेरं पांढरी पडतात, आणि मग शिकलेलंही बिघडतं. पायाची बोटं हलवत राहा असा एक सल्ला फिरत असतो. हास्यास्पद वाटतो, पण बोटं हलवताना मनगट आवळता येत नाही, करून बघा.

घ्यावं का, या फंदात पडावं का? आठवड्यातून एकदा तासभर खेळणार असाल तर अमर्याद इंधनाचा पर्याय चालू करा आणि मजा करा, त्यात कमीपणा नाही. माझ्या हाताला मात्र याने जी सवय लावली ती फॉर्मेशनमध्ये, म्हणजे इतर विमानांना चिकटून उडताना, रोज उपयोगी पडते. कॅरियरवर (विमानवाहू जहाजावर) उतरतानाही थ्रॉटल आता आपोआप केसभर हलतो.

वळणाचं तेवढं राहिलंय. टँकर आपल्या ठरलेल्या लंबगोलाच्या टोकाला आला, पंख कलला की मी अजून सुटतो. उजव्या वळणात कमी, डाव्यात हटकून. कालही सुटलो, टाकी भरायला ४०० पौंड बाकी असताना.