फॉरेक्स कार्ड वापरा, पण पेट्रोल पंपाच्या मशीनला लावू नका

लेकीकडं अमेरिकेला जाताना शहरातल्या एका बँकेच्या शाखेतून आधीच डॉलर भरलेलं प्रीपेड कार्ड, म्हणजे फॉरेक्स कार्ड, घेतलं होतं. परत आल्यापासून गल्लीतल्या दोघी-तिघींनी विचारलं, "काकू, कार्ड घेऊ की नोटाच नेऊ?" प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा इथं नीट लिहिते. कार्ड घ्या. चांगली वस्तू आहे. पण एका जागी ते मशीनला लावू नका, आणि ती जागा बँकेनं मला सांगितली नव्हती, म्हणून हा खटाटोप.

आधी चांगलं सांगते. डॉलर भरले त्या दिवशीचा भाव कायम राहतो, नंतर रुपया घसरला तरी आपल्याला फरक पडत नाही. किराणा दुकानात, औषधाच्या दुकानात, पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वर मंदिराच्या कँटीनमध्ये, कुठंही अडलं नाही. लेकीनं मोबाइलवर ॲप घालून दिलं होतं, त्यात प्रत्येक खर्च लगेच दिसायचा. कार्ड हरवलं तर तिथूनच बंद करता येतं. नोटांचं पुडकं पर्समध्ये घेऊन फिरण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता पंप. लेक न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिथं पेट्रोल भरायला आपल्यासारखा माणूस असतो, कारण त्या राज्यात १९४९ च्या कायद्यानं ग्राहकाला स्वतः पेट्रोल भरायला बंदी आहे. २०२३ मध्ये ओरेगॉननं मोकळीक दिल्यावर अशी बंदी असलेलं न्यू जर्सी हे एकच राज्य राहिलं. त्यामुळं महिनाभर मला तिथला पंप म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या ताराराणी चौकातल्यासारखाच वाटला. पिट्सबर्गला निघालो आणि पेनसिल्व्हेनियात शिरलो, तिथं चित्र पालटलं. पंपावर माणूसच नाही. गाडी लावायची, मशीनमध्ये कार्ड घालायचं, नोझल उचलायचं आणि आपलं आपण भरायचं.

जावई आठवडाभर सगळा खर्च करत होते. व्यंकटेश्वराला निघालोय, निदान जातानाचं पेट्रोल तरी माझ्याकडून, असं मी म्हटलं. कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको. नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो, तो आपल्या घरचा मान आहे. ते "अहो आई, राहू द्या" म्हणत होते, पण मी ऐकलं नाही. पहिल्या पंपानं झिप कोड मागितला. झिप म्हणजे तिथला पाच आकडी पिन कोड. मशीन तो कार्डाच्या नोंदलेल्या पत्त्याशी ताडून बघतं, आणि आपल्या कार्डाला पत्ता कोल्हापूरचा, पिन सहा आकडी. स्क्रीनवर आलं, आत कॅशियरला भेटा. जावई म्हणाले, पुढं बघू. पुढच्या पंपानं झिप विचारलाच नाही, कार्ड लगेच घेतलं.

जावयांनी नोझल अजून हातात घेतलं नव्हतं. माझा मोबाइल वाजला. ॲपवर १७५ डॉलर. गाडीत एक थेंब पडला नव्हता आणि कार्डावरचे १७५ डॉलर गेलेले दिसत होते. पेट्रोल शेवटी ३८ डॉलरचं बसलं.

मी पतसंस्थेत काउंटरला नोकरी केलेली बाई आहे, त्यामुळं घाबरले नाही, पण काय झालं ते समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. जावयांनी गाडी चालवत समजावलं, नंतर मी स्वतः वाचलं. प्रकार असा आहे. आपल्याकडं पोरगा आधी पेट्रोल भरतो, मग मशीनवर आकडा मारतो, आपण पिन घालतो. रक्कम पक्की झाल्यावरच कार्ड पुढं येतं. तिथं कार्ड आधी आणि पेट्रोल नंतर. माणूस दहा डॉलरचं भरणार की मोठ्या ट्रकची टाकी काठोकाठ भरणार, हे मशीनला माहीत नसतं. म्हणून ते बँकेला आधीच विचारतं, एवढ्या रकमेपर्यंत हमी आहे का? बँक हो म्हणते आणि तेवढे पैसे अडकवून ठेवते. काही पंप फक्त एक डॉलरची चाचणी करतात, काही पूर्ण कमाल रक्कम धरतात. ही कमाल १२५ डॉलर होती. २०२२ मध्ये तिथं पेट्रोल गॅलनला पाच डॉलरच्या वर गेलं, तेव्हा व्हिसा आणि मास्टरकार्ड या कार्ड कंपन्यांनी ती १७५ केली. गॅलन म्हणजे पावणेचार लिटरपेक्षा थोडं जास्त. इंग्लंडमध्ये सुपरमार्केटच्या पंपांवरही अशीच मोठी रक्कम धरतात.

पंपाची बाजू मला पटते. अनोळखी माणसाला आधी पेट्रोल द्यायचं तर दुकानदार काहीतरी हमी मागणारच. ठेवीवर कर्ज दिलं की आम्ही लीन मारायचो, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत ती ठेव अडकवून ठेवायचो, तसलंच हे. पण लीन मारताना आम्ही ठेवीदाराची सही घ्यायचो, रक्कम लिहायचो, पावतीवर शिक्का मारायचो. ठेवीदार घरी जाताना त्याला नक्की माहीत असायचं की त्याचे किती पैसे मोकळे आहेत. इथं सही नाही, चिठ्ठी नाही, पंपाच्या स्क्रीनवर एक ओळसुद्धा मी पाहिली नाही.

याचा त्रास क्रेडिट कार्डवाल्याला फारसा होत नाही. त्याची मर्यादा तेवढी कमी दिसते, बिल आलं की हिशेब जुळतो. प्रीपेड कार्डावर आपलेच भरलेले पैसे असतात. माझ्या कार्डावर त्या दिवशी २६० डॉलर होते. १७५ अडकले, राहिले ८५. दुसऱ्या दिवशी आम्ही एका मोठ्या बाजारात गेलो. आमचे हे रोज सकाळी रंकाळा तलावाला फेरी मारतात, अलीकडं गुडघे कुरकुरतात, म्हणून त्यांच्यासाठी चालायचे चांगले बूट घ्यायचं मी इथून निघतानाच ठरवलं होतं. मापाचा कागद पर्समध्ये घेऊन गेले होते, पावलाभोवती पेन्सिल फिरवून काढलेला. बूट मिळाले, ९२ डॉलरचे. काउंटरवर कार्ड नाकारलं. मागं रांग, पुढं ती पोरगी इंग्रजीत विचारतेय दुसरं कार्ड आहे का, आणि जावयांनी काही न बोलता आपलं कार्ड पुढं केलं. सासऱ्यांचे बूट जावयाच्या पैशानं. ज्यांना आपल्याकडच्या रीती माहीत आहेत त्यांना कळेल मला त्या वेळी काय वाटलं असेल. स्वतःचे पैसे असून हात पसरावा लागला.

पुढं आणखी बिघडलं. पेट्रोलचे खरे ३८ डॉलर वेगळे वजा झाले आणि १७५ अजून तसेच अडकलेले. म्हणजे काही दिवस एकाच पेट्रोलसाठी २१३ डॉलर बांधले गेले. नियमाप्रमाणं पंप नेमकी रक्कम कळवतो आणि आधीची अडकवलेली रक्कम सुटायला हवी. पण नंतर आलेल्या बिलाची जुन्या नोंदीशी जोड बँकेच्या सिस्टीमला लागली नाही, तर ती नोंद मुदत संपेपर्यंत तशीच पडून राहते. परदेशी प्रीपेड कार्डाला हे जास्त होतं. कस्टमर केअरला फोन लावला.

"मॅडम, पैसे कटलेले नाहीत, फक्त होल्डवर आहेत."

"मग मी ते वापरू शकते का?"

"नाही मॅडम."

"कधी सुटतील?"

"आपोआप सुटतील."

तारीख काही त्यांनी सांगितली नाही. आठवडा उलटून गेल्यावर सुटले, पूर्ण सुटले, हेही प्रामाणिकपणे लिहिते. एक डॉलर कमी झाला नाही.

मला कुणीतरी सांगितलं होतं की पैसे अडकले तर बँक दिवसाला १०० रुपये भरपाई देते. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं ते परिपत्रक अयशस्वी झालेल्या व्यवहारांचं आहे, आणि दोन्ही टोकं भारतात असतील तेव्हाचं. परदेशातल्या पंपावर धरलेल्या रकमेला ते लागू होत नाही. त्या आशेवर राहू नका.

माझा खरा राग शाखेवर आहे. कार्डासोबत एक पुस्तिका मिळाली होती. घरी आल्यावर भिंग घेऊन वाचली. बारीक इंग्रजीत एक वाक्य आहे, की पेट्रोल पंप, हॉटेलची अनामत आणि भाड्याची गाडी यांसाठी हे कार्ड वापरू नये. म्हणजे बँकेला हे पक्कं ठाऊक होतं. कार्ड देणाऱ्या मुलीनं माझ्याशी अर्धा तास मराठीत बोलून विम्याची पॉलिसी समजावली, हे एक वाक्य मात्र मराठीत सांगितलं नाही. ग्राहकांच्या हातात जाणारे छापील कागद इंग्रजी, हिंदी आणि राज्याची भाषा अशा तिन्हींत असावेत अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. आम्हाला आमच्या छोट्या संस्थेत पासबुकावर मराठीत लिहायला जमायचं, एवढ्या मोठ्या बँकेला का जमू नये? मी शाखेत मराठीत लेखी पत्र दिलंय, पोहोच घेतलीय. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, १४४४८ या नंबरवर माहिती मिळते.

आता जाणाऱ्यांनी काय करायचं ते. पंपाच्या दुकानात आत जा. कॅशियरला पंपाचा नंबर आणि रक्कम सांगा, "सहा नंबर, चाळीस डॉलर". तेवढ्याचंच कार्ड लागतं, टाकीत कमी बसलं तर बिल कमी होतं. रोख दिली तर उरलेले परत मिळतात. इंग्रजीची भीती बाळगू नका, हे दोन शब्द पुरतात. परतीच्या वाटेवर मी स्वतः जाऊन सांगितलं आणि एका झटक्यात काम झालं. जोडीला इथलं एखादं क्रेडिट कार्ड ठेवा, पण त्याचा परदेशातला वापर इथूनच चालू करून न्या. मार्च २०२० पासून नवी कार्डं फक्त देशातल्या वापरापुरती चालू करून देतात. हॉटेल आणि भाड्याच्या गाडीला तेच पुढं करा.

मुलांना एमएससाठी पाठवणाऱ्यांनी तर हे पोराला बसवून सांगा. पहिल्या महिन्यात त्याच्याजवळ तेवढंच कार्ड असतं. मित्राच्या गाडीत पेट्रोल भरलं आणि १७५ अडकले, तर आठवड्याच्या किराण्याची पंचाईत.

कार्डाला माझ्याकडून पाचापैकी चार, शाखेला दोन. आणि परत आल्यावर उरलेले डॉलर रुपयांत करून कार्ड बंद करायचं असेल, तर आधी ॲपमध्ये बघा, कुठली रक्कम अडकलेली नाही ना. असेल तर ती सुटेपर्यंत बंद करायचा अर्ज देऊ नका.